आंघोळीपुरतं नातं

निरोप आला तेव्हा प्रमोदिनीची आंघोळ नुकतीच आटोपली होती, आणि सगळी पंचाईत तिथंच झाली. अर्धा तास आधी आला असता तर कुणाला काही कळलंही नसतं. लतानं रोजच्यासारखी एक बादली न्हाणीत ठेवली होती आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून प्रमोदिनीनं ती मग्यामग्यानं पुरवून वापरली होती, शेवटचे दोन मगे फरशीसाठी राखून. लातूरच्या उन्हाळ्यानं ही शिस्त अंगात मुरवली होती. तिकडं आता रेल्वेनं पाणी येत होतं, गाडीचे फोटो पेपरात येत होते, आणि ते फोटो बघूनच तिची भाची लता गाडी घेऊन दारात उभी राहिली होती, ‘आत्या, चल नांदेडला, निदान प्यायला तरी मिळेल’ म्हणून. नांदेडलाही काही पूर आलेला नव्हता. विष्णुपुरीच्या धरणानं तळ दाखवला होता आणि लताचा नवरा उद्धव ज्या कॉलेजात शिकवायचा तिथल्या क्वार्टर्सना पाचव्या दिवशी नळ यायचा. माणशी एक बादली हा लताचा कायदा होता, आणि तो तिनं नवऱ्यालाही माफ केला नव्हता. प्रमोदिनी व्हीलचेअरवर बसून निऱ्या सारख्या करत होती. मांडीवरचा फोन थरथरला. निवृत्त कर्मचाऱ्यांचा ग्रुप. वर गुलाबाच्या फुलात कुणाचा तरी सुविचार, खाली महागाई भत्त्याची चौकशी, आणि दोहोंच्या मध्ये दोन ओळी : आपले जुने सहकारी गुरुपादप्पा सोमवारी निलंगा येथे लिंगैक्य झाले, कळविण्यास दुःख होते. त्याखाली जोडलेले हात, सत्तावीस जणांचे. तिनंही हात जोडलेलं चित्र पाठवलं. अठ्ठावीस झाले. मग तिच्या लक्षात आलं की आपण चहाला हो म्हणावं तितक्या सहज अंगठा टेकवला.

त्यांच्या घरात मृत्यूची बातमी आली की आधी मोजमाप व्हायचं. दहा दिवसांचं, तीन दिवसांचं, की नुसतं आंघोळीपुरतं. हैदराबादेतल्या कुठल्या तरी चुलतचुलत काकाचं पत्र आलं की दादा, म्हणजे तिचे वडील, अंगणात उभ्यानंच वाचायचे आणि आत वळून सांगायचे, ‘आपल्याला नुसती आंघोळ.’ मग ते अंगावरच्या धोतरासकट डोक्यावरून पाणी घ्यायचे, पाठोपाठ सगळी पोरं, आणि दहा मिनिटांत माणूस घरातून रीतसर निघून जायचा. शेजारपाजारचं कुणी गेलं तर आंघोळ नव्हती, अरेरे म्हणायचं आणि पानावर बसायचं. गुरुपादप्पा कशात बसत होता? ऑफिसातल्या माणसाचं सुतक नसतं. तो लिंगायत, ही देशस्थाची, म्हणजे त्या बाजूनंही काही सोय नाही. तिचं मन हे सगळं शहाण्या कारकुनासारखं मांडत होतं आणि अंग मात्र एकच मागत होतं : डोक्यावरून पाणी, कपड्यांसकट, आत्ता. पण दुसरी बादली मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. लता चांगली होती, बादली दिलीही असती, पण ‘आत्ताच तर केलीस ना आंघोळ?’ हे विचारल्याशिवाय राहिली नसती. चौतीस वर्षं जी गोष्ट कुणाला सांगितली नाही ती एका बादलीसाठी सांगायची? प्रमोदिनीनं सकाळी पोळी खाल्ली, दुपारी वरण-भात खाल्ला. घास उतरत होते याचीच तिला लाज वाटली. संध्याकाळी लता कपडे घड्या करत बसली असताना ती म्हणाली, “तुझा तो लाकडी रस्ता दाखवायचाय म्हणत होतीस ना मला? ऊनझरीचा. उद्या नेतेस?”

लताला आनंद झाला. महिनाभर ती मागं लागली होती. किनवटकडच्या ऊनझरीच्या तलावाकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांच्यावरून आता फळ्यांचा रस्ता बांधलाय, एकही पायरी नाही, आंधळ्या माणसाला हातानं वाचता येतील अशा पाट्या, खुर्ची थेट शेवटपर्यंत जाते. “तुझ्यासाठीच केल्यासारखं आहे गं आत्या, कुणाला हात लावायला नको की काही नको.” हे ती पुन्हा पुन्हा सांगायची, कारण आत्याला कुणी उचललेलं खपत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लताच्या लग्नात मांडवाच्या तीन पायऱ्यांवरून दोन भाच्यांनी तिला खुर्चीसकट उचलायला हात घातला तेव्हा ती अशी ओरडली होती की सनईवाला थांबला. लोकांना वाटायचं, मानी आहे. लोकांना काय, वाटतच असतं.

पहाटे निघाल्या. उद्धवला परीक्षेचं काम होतं, लताच चालवत होती. भोकर मागं पडलं, हिमायतनगर गेलं, आणि उजाडता उजाडता दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागलं. जंगल म्हणायचं इतकंच, झाडांवर पान नव्हतं, उभ्या काठ्या नुसत्या. तेव्हा हेच जंगल डिसेंबरात हिरवं होतं. एक्क्याऐंशी साल, उस्मानाबादच्या ऑफिसची सहल, ठरवून घेतलेली एसटी, माहूरला रेणुकेचं दर्शन करून परतीच्या वाटेवर ऊनझरी. बसमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच विषय : लातूरचा वेगळा जिल्हा होणार, कोण तिकडं जाणार, कोण राहणार. प्रमोदिनी सत्तावीस वर्षांची होती, एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी, आणि टायपिंगचा वेग असा की साहेब लोक तिच्यासाठी भांडायचे. मागच्या सीटवर आवक-जावकचा गुरुपादप्पा भाकरीवर शेंगाचटणी घालून सगळ्यांना वाटत होता. निलंग्याचा माणूस, बोलण्यात मधेच कानडी शब्द यायचा, हसला की मान मागं टाकायचा. ऊनझरीला बस थांबली आणि सगळे नव्वद पायऱ्या उतरून खाली झऱ्यांकडं पळाले. प्रमोदिनी वर पिशव्या आणि चपला राखत बसली. कुठल्याही सहलीत हे खातं तिच्याकडंच असायचं, आणि ते तिनं हसतमुखानं सांभाळायचं असाही रिवाज होता. थोड्या वेळानं तो एकटाच वर आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, धापा टाकत.

“बाई, चला.”

“मी इथं बरी आहे.”

“बऱ्या म्हणून बसता का? लई झकास पाणी हाय खाली. चला, बसा पाठीवर.”

“भलतंच काय! लोक काय म्हणतील?”

“लोक पाण्यात हायेत, बाई. बघून नाही राहिले कुणी,” असं म्हणून तो तिच्यापुढं पाठ करून उकिडवा बसला, आणि बसूनच राहिला. ती नाही म्हणायची थांबेपर्यंत तो उठणार नव्हता हे त्या पाठीवरूनच कळत होतं. अकरा वर्षांची झाल्यापासून तिला कुणी उचललेलं नव्हतं. आईची कंबर गेली, दादांचं वय झालं, आणि मोठ्या मुलीला कुणी कसं उचलायचं? ती बसली. त्याच्या शर्टाला घामाचा वास होता, केसांना करडीच्या तेलाचा. पहिल्याच पायरीला ती घाबरून त्याच्या गळ्याशी घट्ट धरायला गेली तर मनगटाला शर्टाच्या आत काहीतरी गार, गोल लागलं. “लिंग नका धरू, बाई, खांदा धरा,” तो हसत म्हणाला. “देव गळ्यातून सुटला तर मला जेवायला मिळत न्हाई.” तिनं खांदा धरला. नव्वद पायऱ्या. खाली त्यानं तिला बायकांच्या बाजूला, पाण्यातल्या एका सपाट दगडावर बसवलं, कंबरेपर्यंत पाणी येईल असं, आणि स्वतः लांब जाऊन पाठमोरा बसला. तिच्या वाळक्या पायाला त्या गरम पाण्यात एकदम जड वाटायला लागलं, दुसऱ्या पायाइतकं जड, जणू दोन्ही सारखेच. पाऊण तास. मग पुन्हा पाठ, पुन्हा नव्वद पायऱ्या, वर चढताना त्याचं हृदय तिच्या छातीला लागत होतं. प्रमोदिनीच्या आयुष्यात पुरुषाचा स्पर्श म्हणून जो काही आला तो एवढाच, जाऊन-येऊन एकशेऐंशी पायऱ्यांचा. एवढ्यावर माणूस जन्म काढतो का? काढतो. तिनं काढला होता.

“झोपलीस का गं आत्या?” लतानं विचारलं.

“नाही गं. बघतेय.”

बघण्यासारखं रस्त्याच्या कडेला एक फाटका फ्लेक्स होता, ‘किनवट जिल्हा झालाच पाहिजे’. प्रमोदिनीला हसू आलं. जिल्हे होतात बाबांनो, पण ज्यांच्यामधून रेघ जाते त्यांना कोण विचारतं? तसं म्हटलं तर तिला विचारलं होतं, लेखी विचारलं होतं. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या टेबलावर विकल्पाचा कागद आला : उस्मानाबादेत राहणार की नव्या लातूर जिल्ह्यात जाणार? तिनं पंधरा दिवस विचार केला, म्हणजे विचार असा नव्हताच. निलंगा लातुरात जाणार होतं. गुरुपादप्पाचं घर, शेत, म्हातारी आई सगळं निलंग्यात. तो लातूरच लिहिणार यात शंका कसली? तिनं लातूर लिहिलं. दादा चिडले, राहतं घर सोडून परगावी कशाला म्हणाले, तिनं बढतीचं कारण पुढं केलं. आणि त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हसून विषय बदलेल अशी भीती होती, शिवाय आपणहून मागं आलो असं दिसायला नको होतं. पण त्याच दिवसांत एकदा चहाच्या वेळी ती सहज बोलून गेली होती : लातूरचं ऑफिस भाड्याच्या माडीवर असणार म्हणे, सव्वीस पायऱ्या, मला कसं जमायचं? बोलायचं म्हणून बोलली. बाई म्हणून थोडी तक्रार, कुणीतरी ऐकावी म्हणून. त्यानं ऐकली. एका शनिवारी बोर्डावर यादी लागली आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहून ती वाचत होते. तिच्या नावापुढं लातूर, त्याच्या नावापुढं उस्मानाबाद. तो म्हणाला, “बरं झालं, बाई, बढती मिळेल.” ती म्हणाली, “तुम्हाला पण इथं बरं.” आणि दोघं आपापल्या टेबलावर गेले. एकदा पायऱ्या उतरवूनच माणूस घाबरला असेल, जन्मभराचं ओझं कोण घेतो, असा अर्थ तिनं लावला, आणि तो अर्थ घेऊन लातुरात सव्वीस पायऱ्या रोज चढली, कठडा धरून, कुणाला हात लावू न देता. दीड वर्षानं तिथला नाझर माणिकप्पा गप्पांच्या ओघात म्हणाला, ‘बाई, तुम्ही माडी चढून येऊन राहिल्या अन् तो येडा तुम्ही येणार न्हाई म्हणून तिकडंच ऱ्हायला. आईचं सुद्धा ऐकलं न्हाई त्यानं.’ तोपर्यंत गुरुपादप्पाचं लग्न होऊन गेलं होतं, उमाबाई नावाच्या उदगीरच्या मुलीशी. प्रमोदिनीनं त्या दिवशी सत्तर पत्रं टाइप केली, एकही चूक नाही.

ऊनझरीला पोचल्या तेव्हा आठ वाजले होते. पार्किंग, तिकिटाची खिडकी, पाण्याचा कोरडा नळ. जुन्या पायऱ्यांच्या तोंडाशी पत्रा ठोकून वाट बंद केली होती. तिथून फळ्यांचा रस्ता निघत होता, सावकाश वळणं घेत, इतक्या बेताच्या उतारानं की खुर्ची हातानं धरायलासुद्धा लागत नव्हती. चाकांखाली फळ्या एकसारख्या ठक ठक वाजत होत्या. हाताशी कठडा, ठरावीक अंतरावर सावलीचे ओटे, पाट्या. लता पुढं-मागं करत फोटो काढत होती. तलाव मात्र तिथं नव्हता. दुष्काळानं तो पार मध्यापर्यंत मागं सरकला होता आणि पाण्यावरून जायला बांधलेला रस्ता भेगाळलेल्या चिखलावरून उंच खांबांवर चालला होता. फक्त झरे होते. कोरड्या जमिनीत जागोजाग वाफेचे पुंजके, आणि शेवटी, रस्ता जिथं संपतो तिथं, दगडांच्या खोलगटात साचलेलं हिरवट पाणी. बाकी सगळ्या जिल्ह्याचं पाणी आटलं तरी हे आटलं नव्हतं.

काय सोय केली होती! प्रमोदिनीला खरं तर राग यायला लागला होता, आणि रागावण्यासारखं काहीच नसल्यामुळं तो जास्तच येत होता. ज्यानं हा रस्ता काढला त्याचं भलं होवो, हजार माणसं आता खाली येतील, चपला राखत वर बसणार नाहीत. हेच तर तिनं आयुष्यभर मागितलं होतं, अर्ज करकरून मागितलं होतं, लातूरच्या नव्या ऑफिसला उतार तिच्याच अर्जानं झाला. मग आता हे नव्वद पायऱ्यांचं अंतर आपलं आपण उतरताना छातीत असं का तुटतंय? कारण इथं कुणाची पाठ लागणार नव्हती. तिला ती पाठ हवी होती. सरळ सांगायचं तर तिला तो हवा होता, सत्ताविसाव्या वर्षी हवा होता आणि बासष्टाव्या वर्षीही हवाच होता, आणि सोमवारी त्याला निलंग्याच्या लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. त्यांच्यात आडवं नेत नाहीत. बसवतात, हार घालून, विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, गावातून नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. म्हणजे तोही बसून गेला, लोकांच्या खांद्यावरून, डुलत. तेव्हा ही न्हाणीत स्टुलावर बसून मग्यानं पाणी पुरवत असेल.

रस्त्याच्या शेवटच्या ओट्याला कठडा होता आणि कठड्याला एक लहान फाटक, झाडलोट करणाऱ्यांसाठी, त्याखाली चार दगडी पायऱ्या आणि पाणी. फाटकापाशी खाकी साडीतली एक बाई स्टुलावर बसून राखण करत होती, गळ्यात शिट्टी. गंगम्मा. पन्नाशीची, दणकट, तेलंगणाच्या हद्दीवरच्या गावची. लतानं चौकशी केली तसं तिनं सांगून टाकलं की रोजंदारीवर आहे, जिल्हा झाला की पर्मनंट करू असं साहेब म्हणाले.

“फाटक उघडाल का?” प्रमोदिनी म्हणाली.

“नक्को अम्मा. पाण्यात उतरायचं न्हाई. बोर्ड हाय.”

“आत्या, बाटलीत भरून आणते ना मी,” लता म्हणाली. “पायावर ओतू. शेकही बसेल.”

“बाटली नको. मला आंघोळ करायचीय.”

“आंघोळ?” लता हसली. “कपडे कुठं आणलेत आपण?”

“घरी करा की आंघोळ,” गंगम्मा म्हणाली.

“ही घरी नाही करता आली.”

गंगम्मानं तिच्या तोंडाकडं जरा निरखून पाहिलं. वर रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. तिनं शिट्टी काढून स्टुलावर ठेवली, फाटकाची कडी काढली आणि मग अडलीच, “पण उतरणार कशा तुम्ही?”

चौतीस वर्षं प्रमोदिनीनं या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं होतं : माझं मी बघते. आताही ते जिभेवर आलं. चार पायऱ्या, कठडा होता, बसून-सरकून कदाचित जमलंही असतं. तिनं दोन्ही हात पुढं केले. “मला उचल,” ती म्हणाली. “पाठीवर घे.”

लता काही बोलायच्या आत गंगम्मा वळून खाली बसली होती. तिच्या पाठीला लाकडाच्या धुराचा वास होता, हाडं रुंद होती, आणि ती वेगळीच पाठ होती, दुसऱ्या कुणाची होण्याचा तिनं जराही प्रयत्न केला नाही. प्रमोदिनीनं खांदे धरले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, चौथी. संपल्या. गंगम्मानं तिला कडेच्या दगडावर टेकवलं आणि पाणी साडीतून वर चढत कंबरेला लागलं. चांगलंच कढत होतं. तिनं ओंजळ भरून डोक्यावर घेतली, मग दुसरी, मग ओंजळीचं पुरेना म्हणून गंगम्मानं आपला डबा पुढं केला. डोक्यावरून, पदरावरून, चष्म्यावरून पाणी जात होतं. ती रडत होती, आणि रडणं कुठलं नि पाणी कुठलं हे बघायची तिला गरज वाटली नाही.

“आत्या, साडी सगळी... अगं केस कशाला भिजवतेस, सर्दी...” लता बोलता बोलता थांबली. लता शिकलेली होती, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करत होती, घरात सणवारसुद्धा जेमतेम करायची. पण ती त्याच अंगणातली होती. अंगावरच्या कपड्यांसकट, डोक्यावरून, एक शब्द न बोलता केलेली आंघोळ कशाची असते हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती फाटकाशी आली.

“आत्या, कोण गेलं?”

“गुरुपादप्पा.”

“ते कोण?”

ऑफिसात होते, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. प्रमोदिनीनं चष्मा काढला, हातात धरला. “माझे होते,” ती म्हणाली.

आत्याचं सगळं आयुष्य लताला पाठ होतं : शाळा, पोलिओ, टायपिंग, लातूर, पेन्शन. त्यात हे कुठंच नव्हतं. तिच्या ओठांवर दहा प्रश्न आलेले दिसले आणि गेलेलेही दिसले.

“कधी?”

“सोमवारी.”

“आणि तू आज सांगतेस,” लता म्हणाली. आवाज रागाचा होता, पण डोळे भरले होते. तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं, फोन काढला, दोन्ही गंगम्माच्या हातात दिलं. चपला फळ्यांवर सोडल्या आणि ड्रेससकट चार पायऱ्या उतरून आत्याच्या शेजारी पाण्यात बसली.

“आत्याच्या माणसाचं मला किती असतं गं?”

हा हिशेब प्रमोदिनीवर आजवर कधी आला नव्हता. तिला क्षणभर दादांना विचारावंसं वाटलं.

“लग्न झालेल्या भाचीला नुसती आंघोळ,” ती म्हणाली.

लतानं ओंजळ भरली आणि डोक्यावरून घेतली.